दुसऱ्या मजल्यावरचं घर

यार्मिला,

धोबीखान्यात कामावर हल्ली तू माझी नजर चुकवतेस, म्हणून लिहितेय.

फोनवर "या, घर तुमचंच समजा" म्हणणारा घरमालक दारात माझा सावळा, रोमा जमातीचा चेहरा बघून म्हणाला, "आत्ताच दिलं, बाई." मी खाली तू थांबली होतीस तिथे आले. तू भडकलीस, तिथूनच त्याला फोन लावलास. तुला म्हणाला, घर रिकामंच आहे. "थांब, वर जाऊन त्याच्याच तोंडून वदवून घेते," म्हणालीस. मी अर्धा तास फुटपाथवर उभी होते.

आणि घर तुला मिळालं.

"दोन वर्षं शोधत होते गं, मी तरी काय करू?" म्हणालीस. 

मालक म्हणतो, मी काय सरकार आहे? माझं घर, मी ठरवणार. मी गाठलेल्या वकीलबाई म्हणतात, "नाही चालायचं. जात-वंश बघून घर नाकारायचं नाही, हा युरोपचा नियम आता आपल्या कायद्यात आहे, तो घरमालकालाही लागतो. फक्त त्या फोनची साक्ष हवी." म्हणजे तुझी. साक्ष दिलीस तर तो तुला काढायला बघेल, कळतं मला. तरी दे ना गं. महिनाअखेर नगरपालिका आमची इमारत पाडतेय. दोन्ही मुलींना घेऊन या कोशित्से शहरात कुणाच्या दारात उभी राहू?

पाकिटावर तुझा पत्ता तीनदा लिहायला घेतला. तो मला पाठ आहे. मालकाच्या फोनवर विश्वास ठेवून मुलींच्या शाळेच्या अर्जावर मी तोच लिहून आले होते, आमचा म्हणून.

तुझी, अजून म्हणू देशील तर,
दारिना