शुक्रवारचा चौथा भिडू

प्रिय माबेल,

काल तुझी बस आमच्या दाताच्या दवाखान्यासमोरून गेली. निळा सदरा, घट्ट बांधलेले केस, नजर सरळ रस्त्यावर. पेशंटला तसंच तोंड उघडून बसवून आमच्या डॉक्टरीणबाई खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "नेलिदा, तुझी मैत्रीण खरंच चालवायला लागली की गं." मी असा तोरा मिरवला, जणू बस मीच चालवत होते.

घरी सगळं बरं आहे. यंदा अंगणात टोमॅटो बेताचे, पण गांजा, सरकारदरबारी नोंदवलेली ती सहा झाडं, जोमात आला. सासूबाई रोज सकाळी आधी त्या झाडांना पाणी घालायच्या, मग देवाचं नाव. स्वतः ओढत नाहीत. "मला झोप यायला तुझी बडबड पुरते," म्हणतात. आता कापणी होऊन फांद्या माळ्यावर सुकतायत. नात येते त्या दिवशी माळ्याला कुलूप. बाकी आमचा क्रम तुला ठाऊकच आहे. शुक्रवारी कपडे वाळत घातले, सासूबाईंचं जेवण झालं, की अंगणात पाय पसरून एक विडी फिरवायची. मध्ये आमच्या नवरोबाने, वॉशिंग्टनने, मंगळवारीच एक विडी वळली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाला दोन्ही डाव्याच पायाचे बूट बांधून दिले. तेव्हापासून स्वतःच म्हणतो, "शुक्रवारचं शुक्रवारी."

पहिल्या वर्षी आपण दोघींनी जिवापाड वाढवलेली झाडं सगळी नर, म्हणजे विडीला बिनकामाची निघाली होती, आठवतं? आपली ग्लॅडिस पोट धरून हसली होती. "नवरे निवडतानाही तुमचं असंच झालं," म्हणाली होती. वॉशिंग्टन अजून तिच्यावर रुसतो.

तुला नोकरी लागली तेव्हा मला किती आनंद झाला, काय सांगू. इतकी वर्षं तू त्या जागेची वाट पाहिलीस. चालकांची लाळ तपासतात, गांजाचा जरासा अंशही चालत नाही, म्हणालीस आणि विडी अशी सोडलीस, जणू कधी हातात धरलीच नव्हती. त्यानंतरच्या शुक्रवारी तू दाराजवळ बसलीस. धूर तुझ्याकडे वळला की खुर्ची मागे सरकवायचीस. मग "दमले", मग "पहाटेची फेरी आहे", आणि आता नुसतं "बघू". तुझा रेने सांगत होता, शुक्रवारी संध्याकाळी तू धुतलेली भांडी पुन्हा धुतेस.

गेल्या शुक्रवारी वॉशिंग्टनने विडी वळून टेबलावर ठेवली, तशी ग्लॅडिस त्या विडीकडे बोट दाखवून म्हणाली, "आपण हिच्यासाठी जमत होतो का गं?" वॉशिंग्टनने विडी उचलून डब्यात टाकली. आम्ही तिघांनीच पत्ते काढून ट्रुकोचा डाव मांडला. जोडीला भिडू नाही, खुणेचे डोळे मिचकावायला समोर कुणी नाही. नुसता पोरखेळ झाला.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे लिहून रेनेच्या हाती देतेय. येत्या शुक्रवारपासून आधी जेवण आणि पत्ते. तू असेपर्यंत अंगणात काडीसुद्धा पेटणार नाही. तू घरी गेलीस की आमचं आम्ही बघू. ग्लॅडिस म्हणते, "चर्चमध्ये विडीवाचून थांबतेच ना मी, इथेही थांबेन." आणि माबेल, तुझ्या खुर्चीवर हल्ली सासूबाई येऊन बसतात. त्यांना ट्रुको येत नाही, पण मत प्रत्येक पानावर असतं. त्यांना तिथून उठवण्याची माझी छाती नाही. ते तुलाच जमेल.

वाट पाहणारी, तुझीच
नेलिदा