माळेकोंडची टक्केवारी

माळेकोंड,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. मालिनीमावशीस,
अवनीचा शि. सा. न. वि. वि.

कुळथाच्या पिठाची पिशवी एसटीच्या कंडक्टरने सुखरूप आणून दिली. आत तुझी चिठ्ठी नव्हती, म्हणजे बाईसाहेब रागावल्यात. फोनवर तुला ऐकू येत नाही, रत्नागिरीहून आणलेलं कानाचं यंत्र तू कपाटात ठेवतेस, मग पत्राशिवाय मला इलाज काय? आणि पत्राला वेळ झाला नाही. कान धरते.

मी इथे आले तेव्हा दोन वर्षं या आरोग्य केंद्राला डॉक्टर नव्हता, हे तुला माहीत आहेच. संगणकात बीपीच्या रुग्णांची नोंद होती, पण जेमतेम दीडशे नावं, तीही रस्त्यालगतच्या घरांमधली. मग सुट्ट्यांच्या दिवशी आमच्या दीपाली सिस्टर आणि मी मशीन घेऊन वाडीवाडी पालथी घातली. आता चारशेच्या वर नावं आहेत. अगं, दोनशेला टेकलेलं बीपी घेऊन माणसं डोक्यावरून भाताचे भारे वाहत होती!

त्यात एक येसूबाई. सत्तरीला आलेली, मुलगे मुंबईला, ही एकटी. मुंबईची हवा सोसत नाही म्हणून जात नाही. तीनदा आम्हाला अंगणातूनच वाटेला लावलं. यंत्र दंड आवळतं नि त्यानेच आजार होतो असं तिचं ठाम मत. चौथ्या खेपेला कोरा चहा दिला आणि हात पुढे केला. आता महिन्याच्या महिन्याला गोळ्यांच्या रांगेत पहिली तीच.

आणि गंमत ऐक. दर महिन्याला आमचा कामगिरी अहवाल निघतो. नोंदीतल्या शंभर रुग्णांपैकी किती जणांचं बीपी आटोक्यात आहे, त्यावर केंद्रांचे नंबर लागतात. जुने दीडशे बहुतेक आटोक्यात होते, तेव्हा माळेकोंड वरच्या नंबरात. नवे आले, त्यांचं बीपी हळूहळू उतरणार, म्हणून टक्केवारी धाडकन खाली आली आणि आम्ही शेवटचे. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी भर मीटिंगमध्ये मला उभं केलं. माझी नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची, मार्चला संपते. शेवटच्या नंबरच्या डॉक्टरची ऑर्डर पुढे पाठवणार नाही म्हणाले. तिथे हसले, येताना गाडीत ढसाढसा रडले. मला इथून जायचं नाही गं.

राग आवर, माया तेवढी चालू ठेव.
तुझी,
अवनी


राजापूर,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. अवनीस मावशीचे पोटभर आशीर्वाद.

अगो, रागावले नव्हते, पेन सापडत नव्हतं. उशीखाली निघालं. कलमांना नुसती पालवी फुटलीय, मोहोराचं नाव नाही. कानाच्या यंत्राबद्दल पुन्हा लिहिलंस तर मात्र खरंच रागावेन. ते कानात शिट्ट्या मारतं.

पत्र दोनदा वाचलं. भर सभेत उभं करतो म्हणजे काय, मेल्याला लाज नाही वाटली? पण तूही तशीच. शाळेत असताना गणित चुकलं तर इतर मुलं पाटी पुसायची, तू सगळ्यांना दाखवत हिंडायचीस.

शेजारचा शौनक एका आरोग्य केंद्रात संगणकावर बसतो. त्याला बोलावून विचारलं. माझ्या कानात ओरडून ओरडून त्याने सांगितलं ते असं. ज्याचं बीपी उतरत नाही त्याच्यापुढे ‘स्थलांतरित, मुंबई’ असं टाकायचं. नाव हिशोबातून जातं, टक्केवारी वर येते. आपल्याकडे कुठल्या घरातलं माणूस मुंबईला नाही? कोण तपासायला येतंय! सगळेच करतात म्हणाला.

तेव्हा तूही कर. तोंड वाकडं करू नकोस, माझं ऐक. तू गेलीस की केंद्राला पुन्हा कुलूप. तुझा खरेपणा त्या माणसांनी काय चाटायचा? ऑर्डर हातात पडली की नावं परत घाल. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. तू तिथे असणं महत्त्वाचं.

जेवत जा वेळेवर. तुझ्यावर जीव आहे म्हणून बोलते, नाहीतर गावात बोलायला माणसं कमी नाहीत.
तुझी,
मावशी


माळेकोंड,
२ मार्च २०२५

ती. मावशीस,
अवनीचा नमस्कार पायांशी.

तुझं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. तीन महिने आम्ही दोघींनी जिवाचं रान केलं. मीठ कमी करा, गोळी चुकवू नका, बरं वाटलं तरी थांबवू नका, हे सांगून सांगून घसा बसला. टक्केवारी चढली, पण मुंगीच्या पावलांनी. आणि ऑर्डर ठरणार ती फेब्रुवारीच्या अहवालावर.

शेवटी मागच्या आठवड्यात दुपारी दार लोटून बसलो. दीपाली नावं वाचत होती, मी बटण दाबत होते. दीडएकशे माणसं मी बसल्या जागी मुंबईला पाठवली. येसूबाईच्या नावाशी दीपाली थांबली. तिचं बीपी दोनशेवरून एकशे साठवर आलंय. माझ्या दृष्टीने तो चमत्कार आहे, पण अहवालाला एकशे चाळीसच्या खाली हवं, म्हणजे ती नापासच. मी मान हलवली आणि बटण दाबलं.

काल आकडे आले. आम्ही पहिले. साहेबांनी फोन करून शाबासकी दिली. ऑर्डर येईल म्हणाले. आली की त्याच दिवशी सगळी नावं परत घालायची, असं दीपालीला वचन दिलंय. मला माझीच किळस येतेय, मावशी.

तू तरी मला दूर लोटू नकोस.
तुझी,
अवनी


राजापूर,
१८ एप्रिल २०२५

चि. अवनीस अनेक आशीर्वाद, आणि पेढे तूच आणून खा, माझ्या नावाने.

ऑर्डर आली हे वाचून अंगणात जाऊन जोरात ओरडले. शेजारी धावत आले, म्हातारी पडली की काय म्हणून. आंबा यंदा यथातथाच, तुडतुड्याने मोहोर खाल्ला. तरी तुझी पेटी बाजूला ठेवलीय. गणपती झाले की चार दिवस तुझ्याकडे येऊन राहीन म्हणते. तुझी ती माणसं बघायची आहेत.

आता एक सांग. नावं परत घातलीस ना? पत्रात आंब्यापासून पालीपर्यंत सगळं आहे, तेवढंच नाही. मीच सांगितलं होतं, म्हणून मला झोप लागत नाही. दोन ओळी टाक.

वाट बघणारी,
मावशी


माळेकोंड,
९ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस नमस्कार.

तुझी पत्रं साचली आहेत. उत्तर लिहिलं नाही, कारण तू एकच गोष्ट विचारत होतीस आणि मला तीच सांगवत नव्हती. नावं परत घातली नाहीत.

घालायला बसले होते. दहा-बारा घातली, तर दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन. माळेकोंड आता इतर केंद्रांना नमुना म्हणून दाखवायचं ठरलंय, टक्केवारी घसरली तर त्यांना वर तोंड दाखवता येणार नाही, आणि दिलेली ऑर्डर मागेही घेता येते. पाहणीची माणसं येऊन जाईपर्यंत थांबा म्हणाले. मी थांबले. ती आली, माझं कौतुक करून गेली, मग पुढच्या पाहणीपर्यंत थांबा. मी तेव्हाही थांबले.

मे महिन्यापासून गोळ्या नोंदीतल्या नावांपुरत्याच येऊ लागल्या. सुरुवातीला मी त्याच सगळ्यांना वाटल्या, निम्म्या निम्म्या. जूनमध्ये डबे रिकामे झाले. येसूबाईला देवरूखहून विकत आणायला सांगितलं. तिने हो म्हटलं. तिला कोण नेणार होतं देवरूखला? मी विचारलंही नाही, मागे रांग उभी होती.

आणि दर आठवड्याला संगणक एक यादी काढून देतो, कोण गोळ्या न्यायला आलं नाही त्याची. दीपाली त्या घरी जाते. मुंबईला गेलेल्यांची नावं त्यात येत नाहीत. येसूबाई जुलैत आली नाही, ऑगस्टमध्ये आली नाही. दीपालीला आठवण झाली नाही. मला झाली नाही. रांगेत पहिली असायची ती बाई, आणि मला झाली नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या अंगावरून वारं गेलं. शेजारणीने सकाळी पाहिलं तेव्हा ती पडवीत पडलेली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी पोचले तेव्हा तिने मला ओळखलं आणि डाव्या हाताने माझं मनगट धरलं. किती घट्ट धरलं होतं गं.

तिचा मुलगा राजाराम मुंबईहून गाडी घेऊन आला. वाडीतल्या लोकांनी त्याला सांगितलं होतं की डॉक्टरीणबाईंनी तुझ्या आईसाठी फार केलं. त्याने माझ्यापुढे हात जोडले. मीही जोडले. त्याने आईला मागच्या सीटवर आडवं केलं. ती घराकडे बघून नुसता आवाज काढत होती. आता ती त्याच्याकडेच राहणार, परत यायची नाही.

तू स्वतःला बोल लावत बसू नकोस. बटण माझ्या बोटाने दाबलंय. इकडे मात्र येऊ नकोस, मला तुझ्यासमोर उभं राहवणार नाही. मी संगणकात मुंबईला पाठवलेली बाकीची माणसं अजून आपापल्या घरी आहेत, आणि या महिन्यातही आम्ही पहिले आलोय.

गाडी गेल्यावर दीपालीने नोंद करायला संगणक उघडला. येसूबाईच्या नावापुढे ‘स्थलांतरित, मुंबई’ होतंच. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.

जमलं तर माया ठेव.
अवनी