कपाळावरचं गंध

तीर्थरूप बाबांना,
फिनलंडहून जयूचा वाकून नमस्कार.

माझी फिकर करू नका. बाहेर कडाक्याची ठंड असली तरी खोली गरम आहे. देशोदेशीचे आम्ही शिक्षक रोज इथल्या शाळेत जाऊन बसतो आणि शिकवायचं कसं ते शिकतो. काल सांगितलं, मूल काही लपवत असेल तर दटावू नका, शांतपणे विचारा. उज्जैनच्या माझ्या खचाखच वर्गात हे कसं जमायचं, महाकालच जाणे!

आई गुडघ्याला तेल लावते ना?

बाबा, व्हिडिओ कॉलवर तुम्ही उशीला टेकून रोज म्हणता, "रामघाटावर जाऊन आलो." पण कपाळ कोरं असतं. पंडितजींकडून चंदनाचे आडवे पट्टे ओढून घेतल्याशिवाय तुम्ही घाटावरून कधी परतलात? परवा मी सहज म्हटलं, "आज गंध नाही?" काल लगेच गंध होतं. गोल, कुंकवाचं, आईच्या हातचं.

मी "छान दिसतं" म्हटलं.

कोर्स अर्धवट सोडून येता येत नाही. शांतपणे विचारायला शिकले आहे, बाबा. पण तुम्ही खरं सांगितलंत, तर इथे बसून मी काय करू?

तुमचीच,
जयू