भिंगरी मध्यरेषा ओलांडते तेव्हा

१४ सप्टेंबर

दादा,

नमस्कार. रागात असलास तरी घे. वहिनीचा गुडघा आता बरा असेल. जिने चढू नको म्हणावं. इकडे सगळं ठीक. दुकानातल्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, तो बदलला.

तुझं पत्र मिळालं. तीन पानं नुसती आगपाखड! आपल्या क्लबने नवा लेफ्ट बॅक घेतला म्हणून माणसाने इतकं तापावं? ‘घर उघडं टाकून गावभर हिंडणारा बचावपटू काय कामाचा’ हे वाक्य तू दोनदा लिहिलंयस. पहिल्यांदाच कळलं होतं. शेवटच्या चार ओळींचं नंतर बघू. आधी फुटबॉल.

तू एकटाच नाहीस. इथेही लोकांनी आकाशपाताळ एक केलं. सलूनवाल्याने आरशावरचा संघाचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला. शेजारचा इलेक्ट्रिशियन पँट आल्टर करायला आला आणि पँट राहिली बाजूलाच.

“काकू, आपल्या खांबाला बाकावर बसवलं आणि ही भिंगरी आणली! खांब इतकी वर्षं डावी बाजू सांभाळतोय, एकदा तरी मध्यरेषेपलीकडे गेला का?”

“म्हणजे पलीकडचं गवत त्याने पाहिलंच नाही की,” मी म्हणाले.

त्याला हसू आलं नाही. पण भिंगरी हे नाव मात्र गावभर झालं.

आपल्या स्टँडची रीत तुला ठाऊकच आहे, बाबांच्या वेळेपासूनची. आपल्या खेळाडूला शिवी घालायची नाही. पटलं नाही तर पाठ फिरवायची. तर ठरलं असं, की भिंगरी मध्यरेषा ओलांडेल तेव्हा तेव्हा अख्ख्या स्टँडने मैदानाकडे पाठ करायची. मलाही निरोप आला. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही.

शनिवारी पहिल्या हाफमध्ये तो आपल्याच बाजूला खेळत होता. चेंडू मिळाला आणि पठ्ठ्या सुटला. सगळा स्टँड गर्रकन फिरला. इलेक्ट्रिशियन माझ्या कोपराला ढोसतोय, “काकू, फिरा ना!”

“तिकीट काढून भिंत बघायला नाही आले मी.”

दादा, काय धावला रे! एकाला आतून चकवलं, दुसऱ्याला बाहेरून, आणि रेषेवरून असा क्रॉस दिला की आपल्या स्ट्रायकरला फक्त डोकं पुढे करायचं काम उरलं. गोल! समोरच्या स्टँडमधून आरडाओरडा झाला तेव्हा आपली मंडळी वळली. तोवर खेळ खलास. “काय झालं? कुणी मारला? कसा मारला?” सगळे मलाच विचारायला लागले. मी मुद्दाम सावकाश सांगितलं, हातवारे करून, मधे पाणी पिऊन. इलेक्ट्रिशियन रडायचाच बाकी होता. मोसमातला पहिला गोल, आणि हा बाबा टूथपेस्टची जाहिरात बघत उभा.

आता तू वाट बघतोयस ते सांगते. दुसऱ्या हाफमध्ये भिंगरी पुढे गेली, चेंडू तिच्या मागच्या मोकळ्या जागेत पडला आणि त्यांनी बरोबरी केली. एक-एक. तू म्हणशील, सांगितलं नव्हतं? सांगितलं होतंस. पण तो पुढे गेला की मागची जागा मधल्या माणसाने भरायची असते. तो मधला महाशय कमरेवर हात ठेवून चालत होता. बोलणी मात्र भिंगरीने खाल्ली.

आता त्या चार ओळी.

‘बाईमाणूस एकटी किती दिवस दुकान रेटणार? विकून टाक आणि इकडे ये. मागची खोली रिकामी करून ठेवली आहे.’ माया कळली. पण गिऱ्हाईक तू आधीच ठरवून ठेवलंस, हे लिहायला विसरलास. पत्राच्या आधी तो माणूस येऊन पोचला. त्याला मोबाइलचं दुकान काढायचंय. ह्यांच्या कटिंगच्या टेबलाला टेप लावत म्हणतो, “तुमच्या भावाशी बोलणं झालंय. आज फक्त मापं घेतो.”

“इथे मापं मी घेते,” म्हटलं, आणि दार दाखवलं.

राग आला, दादा. अजून गेलेला नाही. आईच्या आजारपणात तू नोकरीवर गेलास, घर मी धरून बसले. लग्नानंतर हे पुढे गिऱ्हाइकांशी हसतबोलत मापं घ्यायचे आणि मी पडद्याआड मशीनवर. त्याची तक्रार नाही. ह्यांची आठवण रोज येते, टेप गळ्यात घातला की जास्तच. पण ह्यांच्यानंतर मी पडद्याबाहेर आले. सुरुवातीला पुरुष आत यायचे, माझ्या हातात टेप दिसला की त्यांना अचानक दुसरं काम आठवायचं. आता मुकाट हात वर करून उभे राहतात. आणि मला ते आवडतं. खूप आवडतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

चुका होतात. गेल्या आठवड्यात एकाची पँट दोन बोटं आखूड झाली. उसवली, पट्टी जोडून दिली. मी पुढे आले तर मागे काहीतरी उघडं पडणारच. ते सांभाळायला यायचं असेल तर ये, काजं करायला हात हवेच आहेत. पण मला ओढून तुझ्या मागच्या खोलीत बसवायला येऊ नकोस.

त्या माणसाला तूच कळव. शब्द तू दिला होतास, मी नाही.

आज सकाळी पाटी रंगवणारा येऊन गेला. ह्यांचं नाव तसंच ठेवलं. त्याखाली माझं लिहून घेतलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. त्याने विचारलं, “जरा बारीक काढू का?” मी नाही म्हटलं. रंग अजून ओला आहे. हात लावू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
आणि या दुकानाची मालकीण