किलवरचे एकच पान

नाशिक, रविवार, १४ ऑगस्ट १९८३

सिद्ध करायचे ते एवढेच: ब्रिजमध्ये एकाने सर्वांत लहान बोलीने केवळ विचारावे आणि जोडीदाराने आपली पाने बोलींतूनच सांगावीत, ही रीत नेहमीच्या बोलींपेक्षा सरस आहे. आज हरलो तर ती सोडायची, असे मी स्वतःला बजावले होते.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले माझे जोडीदार कांबळे यांना मी पाच वेळा विचारले.

"वकीलसाहेब, उलटतपासणी संपली का?" प्रतिस्पर्ध्याने टोमणा मारला.

"सरतपासणी म्हणा. साक्षीदार त्यांचाच आहे," कांबळे उत्तरले.

पाचव्या उत्तरात कळले: किलवरचे एकच पान, तोही एक्का. माझी बाजू किलवरमध्येच लंगडी होती; आता एक्क्यानंतरची माझी किलवरे त्यांच्या हुकमाने मारता येणार होती. सात बदाम बोललो, म्हणजे सगळेच्या सगळे हात जिंकायची बोली. तेराही हात आमचे. सामन्यात हीच पाने दुसऱ्या टेबलावरही खेळली जातात; तिथे प्रतिस्पर्ध्यांचे साथीदार नेहमीच्या बोलींनी सहाला थांबले. ते एकच पान त्यांना दिसलेच नाही. सामना आमचा!

एक चूक मान्य: ही रीत कांबळ्यांनी दोन वर्षांपूर्वीच सुचवली होती. मी ती ऐकून न घेताच फेटाळली होती.

— वि. ग. दाते