नारळ फुटला तिथंच चर

४ फेब्रु.
गल्लीत केबलच्या कामाचं भूमिपूजन. चर डावीकडून घ्यायचा म्हणून कालच चुन्याची रेघ मारून आले होते. उजवीकडे पिण्याच्या पाण्याची लाईन, जुनी सिमेंटची, जरा धक्का लागला की तडकणारी. तिला खेटून सांडपाण्याची नाली. नेत्यांना डावीकडे ऊन लागलं. मांडव उजवीकडे, निंबाखाली. नारळ तिथं, कुदळ तिथं, फोटो तिथं. मी हळदी-कुंकवाचं ताट धरून उभी. पाणीपुरवठ्याची इंजिनियर म्हणे.

६ फेब्रु.
चर उजवीकडूनच! ठेकेदार म्हणतो, "नारळ फुटला तिथूनच खोदा लागते मॅडम. जागा बदलली तं काम बाधते." अर्धी श्रद्धा, अर्धा आळस; डावीकडे मुरूम कडक आहे. आमचे साहेब म्हणाले, लोकांच्या भावना असतात, जाऊ द्या. साहेबांचं सगळं जाऊच द्या.

७ फेब्रु.
पाईप फोडला. मला कळवलं अन्वरने, आमचा व्हॉल्व्हवाला. तोवर ठेकेदाराने टायरची जुनी ट्यूब गुंडाळून, तार आवळून माती लोटलीसुद्धा. वर सिमेंटात कोनशिला रोवली, नेत्यांच्या नावाची. अकलेचे कांदे सगळे.

११ फेब्रु.
त्या गल्लीच्या पाण्याची पाळी होती. नळाला नाली आली. माझी मावशी तिथंच राहते. म्हणे, फडक्यानं गाळून घेतलं. गाळून! फोनवर नको ते बोलले तिला. अन्वरला सांगून व्हॉल्व्ह बंद केला.

१३ फेब्रु.
मावशीच्या नातवाला सलाईन. गल्लीतली आणखी पोरं आजारी. जोडाला लागणारं सामान चिखलीहून आणून ठेवलंय, खोदायचीच खोटी. साहेब म्हणतात कोनशिला हलवता येणार नाही, लोकार्पण होऊ द्या. कधी? नेत्यांची तारीख मिळाली की. तोवर टँकर. ह्या माणसाला खुर्चीवर बसवलं की खुर्चीला त्याच्यावर, देव जाणे.

१५ फेब्रु.
बाया ऑफिसवर आल्या. शिव्या कोणाला? मला. व्हॉल्व्ह मी बंद केला ना. पोरं सलाईनवर अन ह्यांना तेच पाणी पाहिजे. मावशी पुढेच. म्हणाली पाणी सोड, उकळून पिऊ. मी चिडून म्हटलं, तुमची अक्कल कुठं चरायला गेली? ती शांतपणे म्हणाली, "टँकर एकडाव आला बाई. तो बी नेत्याच्या दारात रिता झाला. आम्ही काय पिऊन राह्यलो, पाह्यलं काय तू?"
नव्हतं पाहिलं. संध्याकाळी गेले. पडक्या विहिरीत दोर सोडून बसल्या होत्या. पाणी हिरवं, वर प्लास्टिकच्या पन्न्या तरंगतात. लाज वाटली.

१६ फेब्रु.
साहेबांचा हुकूम, उद्या सकाळी व्हॉल्व्ह उघडा, बोंबाबोंब नको. मी म्हटलं, पोरं मेली तर? म्हणाले, तुम्ही फार ताणता मॅडम. मी उठून आले. सोडलं तर नाली, नाही सोडलं तर ती विहीर.

१७ फेब्रु.
व्हॉल्व्हकडे गेलेच नाही. पहार घेऊन सरळ कोनशिलेपाशी. अन्वर म्हणाला, "नोकरी जाईन मॅडम." म्हटलं, माझी जाईल, तू नको येऊ. आला. ठेकेदाराने जन्मात एकच काम पक्कं केलंय, तो दगड. हलेचना. मग मावशी घरून टिकास घेऊन आली, मागून बाकीच्या. परवा मला शिव्या देत होत्या त्याच. मावशी म्हणाली, "सरक बे अन्वर, तुह्याच्यानं नाही होत."
दगड आडवा पडला, नावाची बाजू चिखलात. कोणी उचलला नाही.
कोपऱ्यावर साहेबांची गाडी येऊन थांबली. उतरले नाहीत, काचेआड फोन लावत बसले. नेत्यांनाच, हे सगळ्यांना समजलं. तरी बाया हलल्या नाहीत.
खोदत खोदत मी चरात उतरले. माती ओली, वास मारते. पाईप अजून हाताला लागला नाही.