पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची

सोमवार, ९ तारीख

चि. बुटकीस,

आशीर्वाद आहेतच. मी ठीक आहे. गुडघाही ठीक आहे, त्याचं विचारू नकोस. गॅलरीतल्या तुझ्या कुंडीला कळी आलीय. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. फोन कट करता येतो, पत्र निदान फाडावं लागतं, आणि फाडताना माणूस एखादी ओळ तरी वाचतोच.

तुझा निरोप मिळाला. 'शूऽशूऽ करून अख्खं थिएटर डोक्यावर घेतलंत आणि माझ्याच वेळेला उठून गेलात. एकवीसला शेवटचा प्रयोग आहे, त्याला येऊ नका.' ना 'बाबा', ना काही. एखाद्या फुकट्या प्रवाशाला खाली उतरवावं तसं.

मी उठून गेलो नव्हतो. पडदा पडेपर्यंत आतच होतो, आणि पडल्यावरही बराच वेळ. हे आधी लिहून टाकतो.

आता त्या थिएटराविषयी. कुणी बांधलं ते? जमीन अशी सपाट की मागच्याला पुढच्याच्या टाळूशिवाय काही दिसू नये. खुर्च्यांपेक्षा आमच्या डेपोतल्या भंगार गाड्यांची बाकं बरी. आणि माणसं! माझ्या पुढचं पोरगं पहिला अंक फोनमधून बघत होतं. मी म्हटलं, 'अरे, पोरगी जिवंत समोर उभी आहे, तिला डबीत कशाला बघतोस?' तर म्हणे, 'काका, दोनच मिनिटं.' शेजारच्या बाईंनी वेफर्सचं पाकीट आवाज होऊ नये म्हणून इतकं सावकाश उघडायला घेतलं की पहिला प्रवेश संपला तरी उघडणं चालूच. एकदाच काय ते फाडा की बाई! पलीकडे एकाचा फोन वाजला, आणि त्यानं तो उचलला. 'नाटकात आहे. हो, नाटकात. बोल.' आता यावर मी शूऽ करू नको तर काय करू? तुमच्या त्या बॅटरीवाल्यानं करायला हवं होतं, तो दारात उभ्या उभ्या पेंगत होता.

आणि तिकिटं. मला पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची आणि तुझ्या आईला बरोब्बर माझ्या मागची. कुणाच्या डोक्यातून निघालं हे? शेजारी बसवलं तर भांडतील, लांब बसवलं तर बरं दिसत नाही, म्हणून एकामागे एक, असंच ना? माझी उंची तुला माहीत. तिची तर तू स्वतःच घेतलीस.

ती आली ते मला न वळताच कळलं. चष्म्याचं घर टक् करून उघडायची तिची सवय तशीच आहे. म्हणाली, 'तुम्ही पुढे?' मी म्हणालो, 'तिकीट तसं आहे.' वेगळं राहायला लागल्यापासून आमचं इतकंच बोलणं होतं, त्यामुळे त्यात विशेष काही नाही.

ती जुनी गोष्ट तू पुन्हा उकरून काढशील, म्हणून आधीच सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्याच नाटकात मागचा माणूस मला म्हणाला, डोकं खाली घ्या. मी म्हणालो, तुम्ही मान लांब करा. मध्यंतरात आम्हा नवरा-बायकोला बाहेर काढलं, आणि त्या नाटकाचा शेवट काय होता हे तुझ्या आईला आजतागायत कळलेलं नाही. ती ही गोष्ट पाहुण्यांना अगदी आवाज काढून सांगते, मला पाठ आहे. पण मी म्हणतो, मी आयुष्यभर बस चालवली. पाठीमागे गाडी भरून माणसं बसायची. एकानं तरी म्हणावं, ड्रायव्हर, डोकं खाली घ्या? तिकीट काढलेल्या माणसानं ताठ बसायचं नाही तर कुठे बसायचं?

तू काम फार चांगलं केलंस. दुसऱ्या अंकातला तुझा एकटीचा प्रसंग तर विचारू नकोस. सुरुवातीला आवाज जरा खाली होता, पण 'यायचंच नव्हतं तर दिवा का लावून ठेवायला सांगितलास?' हे वाक्य असं काही आलं की माझ्या अंगावर काटा आला. मग स्टेजच्या फळीवर काहीतरी टक् वाजलं, आणि नंतर सगळं चिडीचूप. वेफर्सवाल्या बाईसुद्धा चावायच्या थांबल्या. मी नव्हतो, तर हे मला कुणी सांगितलं?

फक्त तुमच्या दिग्दर्शकाला माझा निरोप दे. एवढ्या महत्त्वाच्या प्रसंगाला पोरीला जमिनीवर का बसवतोस? मागच्या रांगांना काय डोंबल दिसणार?

एकवीसचं तिकीट पाठव. भांडण नंतर सावकाश करू.

तुझा बाबा

———

सोमवार, १६ तारीख

चि. बुटकीस,

आशीर्वाद. कळी फुलली. रंग तू म्हणाली होतीस तो नाही, दुकानदारानं फसवलंय.

तुझं उत्तर आलं. वाचून आधी ते टेबलावर आपटलं, मग उचलून पुन्हा वाचलं. 'ऐकलंत ते मान्य,' असं लिहितेस. 'बाहेर पॅसेजमध्ये लाउडस्पीकर आहे. तिथे उभं राहूनही सगळं ऐकू येतं. आत होतात ना? मग एवढंच सांगा, त्या प्रसंगात माझ्या हातात काय होतं?'

वकिलीण व्हायला हवी होतीस तू.

खाली आणखी लिहिलंयस. आई म्हणाली, 'बरं झालं गेले, मला दुसरा अंक स्वच्छ दिसला.' आणि शेवटी सगळे नट हात धरून पुढे आले तेव्हा तू टाळ्या ऐकतच नव्हतीस, पाचव्या रांगेतल्या कडेच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतीस.

तुझ्या हातात काय होतं ते मला माहीत नाही, बुटके. मी पाहिलंच नाही. आवाजावरून वाटलं, कात्री असावी. चमचाही असेल.

पण मी गेलो नव्हतो. खुर्ची रिकामी होती कारण मी खुर्चीच्या खाली होतो. हसू नकोस. म्हणजे हसलीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

पहिल्या अंकात तू उभी होतीस तोवर तुझ्या आईचं कसंबसं चाललं होतं. ती मागे डावीकडे सरकायची, मग उजवीकडे. खुर्ची कुरकुरायची. मला सगळं ऐकू येत होतं. मी त्या फोनवाल्या पोराला शूऽ करत होतो ना, त्यातलं अर्धं त्या कुरकुरीचा राग होता. तिच्यावरचा नाही, माझ्यावरचाच. मध्यंतरात दिवे लागले. तू म्हणशील, तेव्हाच मागे वळून म्हणायचं होतं, 'तू पुढे बस.' किती सोपं! तिला पुढची खुर्ची, मला मागची, दोघांना दिसलं असतं. शेजारच्या वेफर्सवाल्या बाईंनाही ते सुचलं असतं. मलाही सुचलं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं. आणि मी काय केलं, तर खिशात हात घालून भिंतीवरची 'खुर्च्यांवर पाय ठेवू नयेत' ही पाटी वाचत उभा राहिलो. ती चष्मा पुसत बसली होती. मला वाटलं, मी विचारलं तर ती म्हणेल, 'आत्ता सुचलं?' आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग दिवे गेले. तू आलीस आणि पुढे येऊन जमिनीवर बसलीस. मला छान दिसलीस, अगदी घटकाभर. मागे तिच्या शेजारचे गृहस्थ हळूच तिला म्हणाले, 'ताई, तुम्हाला काही दिसत नसेल, इकडे माझ्या जागी या.' तुझी आई म्हणाली, 'राहू द्या. सवय आहे मला.'

ती हे रागानं म्हणाली असती तर मी ताठ बसलो असतो, तुझी शपथ. टोमणा असता तरी बसलो असतो, टोमण्यांना मी पुरून उरतो. पण ती अगदी साधेपणानं म्हणाली. तक्रारसुद्धा नव्हती त्यात. मला तिथे बसवेना.

आधी खुर्चीतच खाली घसरलो. गुडघे पुढच्या खुर्चीला लागले, ते पोरगं वळून म्हणालं, 'काका, शांत बसा की!' मला! मग आणखी घसरलो, आणि सरळ दोन रांगांच्या मधे जमिनीवर बसलो. खुर्चीची फळी आपोआप वर गेली. तिला वाटलं असणार मी वाकून निघून गेलो. जाणारा माणूस आहेच मी तिच्या लेखी. बाहेर जाऊन मागे उभं राहता आलं असतं, पण तेवढ्यात तुझी दोन वाक्यं तरी चुकली असती, आणि ती चुकवायला मी आलो नव्हतो.

तिथून काय दिसतं सांगू? पुढच्या खुर्च्यांचे पाय, चिकटवलेलं च्युइंगगम आणि त्या पोराचे मोजे. बाकी तुझा आवाज. वेफर्सवाल्या बाई वाकून कुजबुजल्या, 'बरं वाटत नाही का?' मी म्हटलं, 'शूऽ.' आणि वर, माझ्या डोक्यामागे, खुर्ची कुरकुरायची थांबली होती. 'दिवा का लावून ठेवायला सांगितलास' म्हणालीस तेव्हा तिनं नाक ओढलं. रडताना ती आधी नाक ओढते. म्हणजे तिला दिसत होतं.

शेवटी टाळ्या सुरू झाल्या. मीही वाजवल्या, खाली बसून. मग उठायला गेलो तर गुडघा अडकला. हो, तोच, ठीक असलेला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत आणि मी त्यांच्या पायांत. तू त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतीस ना, तेव्हा मी त्या खुर्चीचाच हात धरून उठायची धडपड करत होतो. उठता आलं नाही मला. तुला मी दिसायला हवा होतो. त्या दिवशी बाकी सगळं केलं, तेवढंच जमलं नाही.

थिएटर रिकामं झाल्यावर वेफर्सवाल्या बाईंनीच काखेत हात घालून उठवलं. मी ज्यांच्यावर अख्खा पहिला अंक डोळे वटारले, त्यांनी. म्हणाल्या, 'मागच्या बाईंना दिसावं म्हणून ना?' मी म्हटलं, 'नाही, किल्ली पडली होती.' 'अख्खा अंक शोधत होतात?' मी पँटची धूळ झटकली.

तुझ्याकडे आत आलो नाही, कारण लंगडत होतो. तू लगेच ऑपरेशनचं काढलं असतंस, आणि आई तिथे उभी असणार. तिच्यासमोर लंगडत यायचं आणि का लंगडतोय ते सांगायचं, हे मला झेपलं नसतं. हे सगळं लपवायचं म्हणून मागच्या पत्रात दिग्दर्शकाला शिव्या दिल्या. त्यांना सॉरी सांग. पण जमिनीवर बसवणं चूकच आहे, हे माझं मत कायम.

हे सगळं आईला सांगू नकोस. तू सांगितलंस तर ते उपकार केल्यासारखं होईल, आणि ती म्हणेल, बोलायचं सोडून जमिनीवर जाऊन बसले. खरंच तर आहे.

आता एकवीसचं. आईलाही बोलाव, हवं तर सांग की शेवटचा प्रयोग आहे, पुन्हा होणार नाही. तू शहाणपणा करून या वेळी तिला पुढचं आणि मला मागचं तिकीट देशील, तर तसं करू नकोस. होती तशीच दे. मला पाचव्या रांगेतलं कडेचं, तिला त्याच्या मागचं. पडदा उघडायच्या आधी, दिवे असताना, मी मागे वळून तिला विचारणार आहे. ती 'आत्ता सुचलं?' म्हणाली तर 'हो' म्हणणार आहे. त्यापुढे ती उठून पुढे आली, तर तुझ्या हातात काय होतं ते मी तुला नाटक संपल्यावर सांगीन. नाही आली, तर त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून रागावू नकोस. मी तिथेच असेन, जरा खाली.

तुझा बाबा